आधी चुकलेलं दप्तर, मग ऑफिस

‘लेखापरीक्षक हा रखवालदार कुत्रा आहे, शिकारी कुत्रा नाही. स्पष्ट करा.’ बी.कॉम.ला ऑडिटिंग घेतलेल्या कुणालाही झोपेतून उठवून हा प्रश्न विचारा, उत्तर येतं. १८९६ सालचा इंग्लंडमधला किंग्स्टन कॉटन मिलचा खटला, मॅनेजरने फुगवून दाखवलेला साठा, ऑडिटरने त्याच्याच दाखल्यावर ठेवलेला विश्वास, आणि माल मोजत बसणं हे ऑडिटरचं काम नाही म्हणून कोर्टाने त्याची केलेली सुटका. सगळं तोंडपाठ असतं. पण १९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचा घोटाळा उघडा पडला. सुमारे ८.७ कोटी डॉलरच्या मालमत्तेपैकी जवळपास १.९ कोटी डॉलरचा माल आणि येणी निव्वळ कागदावर होती. त्यानंतर तिथल्या ऑडिटरांना गोदामात जाऊन मोजणी बघणं आणि येणेकऱ्यांना थेट पत्र घालून खात्री करणं भाग पडलं. गोष्टीचा हा उत्तरार्ध नोट्समध्ये क्वचितच सापडतो. आपल्याकडचं लेखापरीक्षण मानक ५०१ आज सांगतं, की साठ्याची रक्कम मोठी असेल तर ऑडिटरने मालमोजणीला हजर राहावं. म्हणजे पोरं जे घोकतात ते ऑडिटर गोदामात पाय ठेवत नव्हता त्या काळचं, आणि नोकरीत गेल्यावर करायचं असतं ते नेमकं उलटं.

व्हाउचिंग (नोंद मूळ कागदाशी ताडून बघणं) आणि व्हेरिफिकेशन (मालमत्ता खरोखर आहे का ते बघणं) यांतला फरक पाच मुद्द्यांत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याने आयुष्यात एकही व्हाउचर हातात धरलेलं नसतं. पोहण्याची परीक्षा कोरड्या हौदात घेतल्यासारखं आहे हे.

यावर हल्ली एक तयार उत्तर मिळतं. नवीन शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आहे, फील्ड प्रोजेक्ट आहे, त्यांना श्रेयांक आहेत, पाठवा की मुलांना सीएच्या ऑफिसात. ऐकायला रास्त वाटतं. आमचं म्हणणं मात्र असं, की ऑडिट शिकवण्याच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. आधी चुकलेलं दप्तर, म्हणजे चुका असलेल्या हिशेबाच्या वह्या आणि कागद, वर्गात, ऑफिस त्यानंतर.

सीएच्या ऑफिसात दीड-दोन महिन्यांसाठी गेलेला विद्यार्थी काय करतो ते बघा. जीएसटीची बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतो, झेरॉक्स काढतो, फायलींना क्रमांक घालतो. सप्टेंबरात गेला तर टॅक्स ऑडिटच्या धावपळीत त्याला समजावून सांगायला कुणाला उसंत नसते. महत्त्वाची फाईल त्याला दाखवत नाहीत, आणि त्यात त्या ऑफिसचं काही चुकत नाही. अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर देणं हे १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे. समजा दाखवलीच, तरी तिसरी अडचण उरते आणि तीच खरी आहे. बहुतेक व्हाउचरं बरोबर असतात. पाचशे व्हाउचरं तपासली आणि पाचशेही बरोबर निघाली, तर विद्यार्थी एकच गोष्ट शिकतो, हिरव्या पेनाने बरोबरची खूण करायची. चूक कशी दिसते हे ज्याने पाहिलेलं नाही त्याच्यासमोरून ती शांतपणे निघून जाते. अनुभव मिळाला, प्रमाणपत्र मिळालं, नजर मात्र तयार झाली नाही.

आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात करायच्या उमेदवारीत, शिकतीलच, असंही म्हणतात. जे सीए करतात ते शिकतील. तीही मुदत २०२३ च्या नव्या योजनेत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. पण कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांतून बी.कॉम. होणारी बहुसंख्य मुलं आर्टिकलशिपच्या वाटेला जात नाहीत. ती पतसंस्थेत क्लार्क होतात, दूध संस्थेचे सचिव होतात, शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत अकाउंट्सला लागतात, सोसायटीवर संचालक म्हणून निवडून येतात. त्यांच्यासाठी ऑडिटचा हाच पेपर पहिला आणि शेवटचा.

तेव्हा दप्तर. एका काल्पनिक पतसंस्थेचं तीन महिन्यांचं, जानेवारी ते मार्च. मार्च हवाच, कारण ताळेबंद सजवायची सगळी कलाकुसर त्याच महिन्यात होते. त्यात किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार वही), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी), दोन बँक खात्यांचे उतारे, दोनशे चाळीसच्या आसपास व्हाउचरं, बारा कर्जप्रकरणं, सोनेतारण रजिस्टर, पिग्मीची (एजंटामार्फत रोज थोडी थोडी गोळा होणारी ठेव) खतावणी आणि चाळीस पासबुकं, डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), संचालक मंडळाच्या सभांचं प्रोसिडिंग बुक. एकूण चारशे पानांचा गठ्ठा. पानाला रुपया धरला तर एका संचाला चारशे रुपये. साठ मुलांच्या वर्गात चौघांचा एक गट केला तर पंधरा संच, सहा हजार रुपये. एका पाहुण्या व्याख्यात्याच्या सत्काराचा आणि जेवणाचा खर्च यात निघून जातो, हे जाता जाता.

खऱ्या संस्थेचं दप्तर झेरॉक्स करून वापरायचा मोह टाळावा. कर्जप्रकरणात आधार असतं, पॅन असतं, जामीनदाराचा पगारदाखला असतो. लोकांचे हे कागद वर्गात फिरवायला कुणाची परवानगी नसते. शिवाय खऱ्या दप्तरात चुका आपल्याला हव्या तिथे सापडत नाहीत. दप्तर रचायचं आणि त्यात चौदा दोष पेरायचे.

दोष पेरताना तीन थर ठेवावेत. वरच्या थरात नजरेला लगेच दिसणारे: किर्दीच्या एका पानाची बेरीज हजाराने चुकून ‘पुढील पानावर’ तशीच गेलेली, रविवारच्या तारखेचं व्हाउचर, इमारतीच्या रंगकामाचा खर्च इमारत खात्याला चढवलेला. मधल्या थरात दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय न दिसणारे: एकच बिल एकदा मूळ प्रतीवर आणि महिन्याने झेरॉक्सवर दिलेलं, २८,५०० रुपयांच्या फर्निचरची साडेनऊ हजारांची तीन व्हाउचरं तीन लागोपाठच्या दिवशी फाडलेली (एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांवर रोख दिलं तर तो खर्च आयकरात वजावटीला धरत नाहीत, म्हणून), ३१ मार्चला भरल्याचं दाखवलेला चेक बँकेच्या उताऱ्यावर ९ एप्रिलला उगवलेला. हा शेवटचा दोष सापडायला एप्रिलचा उतारा मागावा लागतो, आणि तो दप्तरात मुद्दाम ठेवायचा नाही. जो गट मागेल त्यालाच द्यायचा. खालच्या थरात अशा गोष्टी, ज्या कागदावर अगदी सरळ दिसतात: कर्जाचं नवं-जुनं केलेलं, म्हणजे सकाळी फेड आणि दुपारी त्याच माणसाला तेवढंच नवं कर्ज, ज्यामुळे थकबाकी कागदावरून गायब होते. सोनेतारणात एका पाकिटाचं निव्वळ वजन एकूण वजनापेक्षा जास्त. कर्जमंजुरीचा ठराव अर्जाच्या तारखेआधीचा.

यातला पिग्मीचा दोष जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण आपल्या भागात तो पुस्तकातला राहत नाही. एजंट रोज शंभर-दोनशे रुपये गोळा करतो. ३ तारखेला पानपट्टीवाल्याचे दोनशे घेतले, पासबुकावर लिहिले, सही केली आणि पैसे खिशात ठेवले. ८ तारखेला चहावाल्याकडून जे आले ते पानपट्टीवाल्याच्या नावावर भरले. चहावाल्याचे पुढे सलूनवाल्याच्या पैशांतून. साखळी चालू राहते. महिनाअखेरीला कुठून तरी उचल करून त्याने भोक बुजवलेलं असतं. आता विद्यार्थी काय करतात? चाळीस पासबुकांची ३१ तारखेची शिल्लक खतावणीशी लावतात, चाळीसही जुळतात, आणि ‘पिग्मी ठेवी पडताळल्या, बरोबर आढळल्या’ असं लिहून मोकळे होतात. शिल्लक जुळते, तारखा जुळत नाहीत. पासबुकावरची वसुलीची तारीख आणि एजंटाने ऑफिसात दिलेल्या रोजच्या कलेक्शन पत्रकावरची तारीख शेजारी मांडली, की चार खात्यांत पाच ते नऊ दिवसांचं अंतर दिसतं. आणि मग हजेरीपत्रक मागितलं तर कळतं, की या एजंटाने तीन महिन्यांत एकही सुट्टी घेतलेली नाही. सुट्टी न घेणारा माणूस नेहमीच कष्टाळू नसतो, हे शिकवायला व्याख्यान पुरत नाही. त्या चार तारखा स्वतः शोधून काढाव्या लागतात.

पेरलेल्या चौदा दोषांच्या जोडीला सहा फसव्या जागा ठेवायच्या, म्हणजे संशयास्पद दिसणाऱ्या पण निर्दोष. हमालीचं व्हाउचर बिलाशिवाय आहे, पण त्यावर घेणाऱ्याची सही, कामाचा तपशील आणि मंजुरी आहे. हमाल छापील बिल देत नाही. व्हाउचर क्रमांक ११२ गायब आहे, पण रद्द केलेली मूळ आणि कार्बन प्रत पुस्तकात दोन्ही चिकटवलेल्या आहेत. या फसव्या जागांना ‘अफरातफर’ म्हणणाऱ्या गटाचे गुण कापायचे. नाहीतर मुलं ऑडिट म्हणजे पकडापकडी समजून बसतात आणि दिसेल त्यावर आक्षेप ठोकतात. विनाकारण आक्षेपांनी भरलेला अहवाल कुणी वाचत नाही. त्यात जो एक खरा असतो तोही बाकीच्यांबरोबर रद्दीत जातो.

नमुना कसा निवडायचा हेही इथेच कळतं. दोनशे चाळीसपैकी साठ व्हाउचरं तपासा म्हटलं, की पोरं पहिली साठ घेतात. जानेवारीत सगळं स्वच्छ असतं. मग सांगायचं, की एक ते चारमधली एक चिठ्ठी उचला, तिथून दर चौथं व्हाउचर घ्या, आणि दहा हजारांवरची सगळी वेगळी बघा. एवढ्यानेही फोडलेली तीन व्हाउचरं निसटू शकतात, कारण ती साडेनऊ हजारांची आहेत. मर्यादेच्या जरा खाली रकमांची गर्दी का झाली, हा प्रश्न ज्या गटाला सुचला त्याला नमुन्याचं गणित आणि त्याची मर्यादा दोन्ही समजली असं धरायला हरकत नाही.

रोकड मोजणीचा तास चौथ्या आठवड्यात, न सांगता. लहान मुलांच्या खेळातल्या नोटा बाजारात मिळतात, त्या एका कडीकुलपाच्या पेटीत. एक विद्यार्थी कॅशियर. किर्दीप्रमाणे हातशिल्लक ४८,३६० रुपये. पेटीत पाचशेच्या ६२, दोनशेच्या ३१, शंभरच्या ५४, पन्नासच्या २०, वीसच्या ३० आणि दहाच्या ३६ नोटा. बेरीज ४४,५६०. शिवाय पेटीच्या तळाशी दोन चिठ्ठ्या: एका लिपिकाची उचल २,५०० आणि ‘पेट्रोल व चहा’ १,३००. दोन्ही मिळून ३,८००. गटाचे चेहरे खुलतात आणि मोजणी पत्रकावर येतं, ‘रोकड जुळली’.

जुळलेली नाही. रोकड ३,८०० रुपयांनी कमी आहे. चिठ्ठी म्हणजे पैसे नव्हेत. किर्दीत नोंद न करता, मंजुरीशिवाय, संस्थेच्या पेटीतून कुणाला तरी बिनव्याजी कर्ज दिल्याचा तो पुरावा आहे. पत्रकावर किर्दीची शिल्लक, प्रत्यक्ष रोकड, फरक, आणि फरकाबद्दल कॅशियरने दिलेला खुलासा त्याच्याच शब्दांत, अशा चार वेगळ्या ओळी यायला हव्यात. या एका तासात चुकायच्या बाकीच्या जागाही ठरलेल्या आहेत. मोजताना कॅशियर पाणी प्यायला म्हणून बाहेर जातो आणि कुणी अडवत नाही, मग उद्या त्याने ‘माझ्या माघारी मोजली, तेव्हा पूर्ण होती’ म्हटलं तर तोंड बंद. स्टॅम्पची पेटी आणि किरकोळ खर्चाची पेटी दुसऱ्या दिवशी मोजायची ठरते, म्हणजे तेच पैसे या पेटीतून त्या पेटीत जायला रात्र मोकळी. पत्रक पेन्सिलने लिहिलं जातं. आणि सर्वांत हमखास विसरणारी ओळ शेवटची: ‘वरील रोकड माझ्या समक्ष मोजून मला परत मिळाली’, खाली कॅशियरची सही, तारीख, वेळ. ती नसली, तर कमी पडलेल्या पैशांचा हिशेब ऑडिटरलाही द्यावा लागू शकतो.

मालमोजणीसाठी मात्र वर्गाबाहेर पडायला हवं, आणि याबाबतीत कोल्हापूरइतकं सोयीचं गाव सापडणं अवघड. शाहू मार्केट यार्डात गुळाचं गोदाम आहे. तिथे कळतं, की साठापत्रकावर तीस किलोचे रवे (गुळाच्या ढेपा) इतके असं लिहिलेलं असलं, तरी प्रत्येक रवा तीसचाच भरतो असं नाही, आणि पावसाळ्यात गूळ हवेतली ओल धरतो. म्हणून नग मोजून झाल्यावर दहाएक रवे काट्यावर चढवून सरासरी काढायची. थप्पी पुढून मोजून लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करायचा आणि मधे पोकळी आहे का ते बघायचंच नाही, ही जुनी चूक साखरेच्या पोत्यांच्या बाबतीतही होते. दोन-चार ठिकाणी थप्पीच्या आतली पोती हलवून दाखवायला सांगावीत. हमाल कुरकुरतील, त्यांची हमाली द्यावी. तपासणी दोन्ही दिशांनी हवी. पत्रकावरचे दहा लॉट जमिनीवर शोधायचे, म्हणजे नसलेला माल दाखवलाय का ते कळतं. जमिनीवरचे दहा लॉट पत्रकात शोधायचे, म्हणजे असलेला माल दडवलाय का ते कळतं. विद्यार्थी पहिली दिशा करून परततात. आणि मोजणी सुरू करण्याआधी शेवटच्या आवक पावतीचा व शेवटच्या जावक पावतीचा क्रमांक लिहून घेतला नाही, तर नंतर फरक आला की ‘तो माल काल गेला’ एवढ्या वाक्यावर सगळी मोजणी फुकट.

फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, गेलात तर कोकच्या (भट्टीच्या कोळशाच्या) ढिगाला टेप लावा. पायथ्याचा परीघ साडेबारा मीटर आला म्हणजे त्रिज्या दोन मीटर. उंची दीड मीटर असेल तर शंकूच्या सूत्राने साधारण ६.३ घनमीटर. मापाच्या खोक्यात कोक भरून वजन करा. घनमीटरला अर्धा टन पडत असेल, तर ढीग सव्वातीन टनांच्या आतला. पुस्तकात पाच टन असेल तर बोलायला जागा आहे. दहावीतलं सूत्र ऑडिटमध्ये वापरायची वेळ येईल असं कुणाला वाटलं नसतं.

गोदाम, फाउंड्री जमत नसेल तर तेही नको. कॉलेजचं स्वतःचं डेडस्टॉक रजिस्टर आहे. प्रयोगशाळा, जिमखाना, वाचनालय, कॉम्प्युटर लॅब. परवानगी एकाच केबिनमधून घ्यायची, प्रवासखर्च शून्य. बाकं मोजा, पंखे मोजा, कॉम्प्युटरचे सिरियल नंबर लावा. ही कल्पना मांडली की प्राचार्यांचा उत्साह थोडा मावळतो असं दिसतं, पण ते तर तिच्या उपयोगाचंच लक्षण.

दूध संस्थेचं उदाहरण आकड्यांवरून संशय घ्यायला शिकवतं. इथे दहा दिवसांचं बिल असतं, म्हणजे एका मुठीत मावणारा हिशेब. सभासदांकडून आलेलं म्हशीचं दूध ६,००० लिटर. दूध संघाला गेलं ५,८७०, स्थानिक विक्री २५०. विद्यार्थी वजाबाकी करतो: १२० जास्त! लगेच निष्कर्ष, संस्था सभासदांना मापात मारते. आता नीट बघा. आवक लिटरमध्ये आहे आणि संघाची पोच किलोत. लिटरला १.०३ किलो धरलं तर आवक ६,१८० किलो, संघाला ५,८७० किलो, स्थानिक विक्रीचे अडीचशे लिटर म्हणजे २५७.५ किलो. एकूण जावक ६,१२७.५. वाढ तर नाहीच, उलट साडेबावन्न किलोची घट, एक टक्क्याच्या आत, सांडलवंडीत बसणारी. एका एककाच्या घोळाने सचिवावर चोरीचा आळ आला असता. मग पुढची पायरी, फॅट-किलोचा, म्हणजे दुधातल्या एकूण फॅटच्या वजनाचा, मेळ. दूध जुळतं आणि फॅट-किलो कमी पडतात, तर वाटेत दूध काढून तेवढं पाणी मिसळलं, किंवा आवकेचं फॅट कुणासाठी तरी वाढवून लिहिलं. कुठल्या सभासदांचं फॅट दहाही दिवस एकाच आकड्यावर आहे ते बघा. म्हैस इतकी शिस्तीची नसते.

खात्रीपत्रांचा, म्हणजे शिल्लक थेट समोरच्याकडून लेखी खात्री करून घेण्याचा, धडा देताना सत्यम या आयटी कंपनीचं नाव घ्यावंच लागतं. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबुली दिली तेव्हा ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँकेच्या खोट्या कागदांवर हा डोलारा उभा होता. वर्गात हे असं करता येतं: दुसऱ्या तुकडीतले वीस जण ठेवीदार. ऑडिट करणाऱ्या गटाने पत्रं स्वतः लिहायची, स्वतः टाकायची, उत्तर स्वतःच्या नावाने मागवायचं. यातली तीन उत्तरं मुद्दाम ‘सचिवा’मार्फत येतात, छान पाकिटात, आकडा अगदी जुळलेला. जो गट ती स्वीकारतो त्याला पुन्हा पत्र पाठवायला लावायचं. आकड्याच्या आधी उत्तर कुठल्या हाताने आलं ते बघायचं, हे तिथे पक्कं होतं.

संगणकाचं काम वेगळ्या पेपरात ढकलू नये. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहील अशी सोय ठेवणं बंधनकारक आहे, आणि ती वर्षभर चालू होती का हे ऑडिटरने अहवालात सांगायचं असतं. एडिट लॉग (बदलांची नोंद) असलेल्या टॅलीचा एक बॅकअप द्या, त्यात मार्चची दोन व्हाउचरं मेमध्ये बदललेली ठेवा, बस्स.

हे सगळं बसवायचं कुठे? दोन श्रेयांकांचं प्रात्यक्षिक म्हणजे साठ तास, पंधरा आठवडे गुणिले चार. पुरतात. अडतं ते गुणांवर. शंभर गुणांची लेखी परीक्षा तशीच राहिली, तर पोरं दप्तर बाजूला सारून नोट्स घेऊन बसतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. गटाने केलेल्या ऑडिटच्या फाईलला चाळीस, तोंडी परीक्षेला वीस, लेखीला चाळीस अशी विभागणी हवी. किती दोष सापडले यावर गुण द्यायचे नाहीत. प्रत्येक निष्कर्षामागे कुठला कागद पाहिला, किती पाहिले, का निवडले, काय विचारलं आणि काय उत्तर आलं हे फाईलमध्ये आहे का, यावर द्यायचे. कसोटी सोपी आहे आणि ती लेखापरीक्षण मानक २३० मधूनच येते: त्या ऑडिटशी संबंध नसलेल्या जाणत्या ऑडिटरला नुसती फाईल वाचून काम कळलं पाहिजे. म्हणून फाईल दुसऱ्या शिक्षकाने, गट समोर नसताना तपासायची. ‘सर, ते आम्ही बघितलं होतं, लिहायचं राहिलं’ याला शून्य. ऑडिटच्या धंद्यात न लिहिलेलं काम झालेलं नसतं. आणि अहवाल दिल्यावर फाईल बंद करायला मानकात साठ दिवस आहेत, वर्गात सहा द्यावेत. नाहीतर सत्र संपेपर्यंत कागद घुसवणं चालू राहतं.

शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. पुष्कळ प्राध्यापकांनी स्वतः ऑडिट केलेलं नसतं आणि ते कबूल करणं अवघड जातं. पण या जिल्ह्यात जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची शासकीय पदविका) झालेले निवृत्त सहकारी लेखापरीक्षक गल्लोगल्ली सापडतील, सीए संस्थेची शाखा गावातच आहे. त्यांना भाषणाला न बोलावता दोन दिवस बसवून दप्तर रचून घ्या. भाषण तासाभरात विरतं, दप्तर पाच वर्षं चालतं. फक्त दरवर्षी रकमा, नावं आणि निम्मे दोष बदलायला हवेत, कारण वरच्या वर्गाच्या फायली होस्टेलमार्गे खाली येतातच. मूळ संच एक्सेलमध्ये जोडून ठेवला, तर हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. तेवढं केलं नाही तर तिसऱ्या वर्षी सगळ्या गटांना चौदाच्या चौदा दोष पहिल्याच आठवड्यात सापडतील आणि सगळे टाळ्या वाजवतील.

अफरातफर कशी करतात तेच शिकवताय की, असा आक्षेपही येतो. येऊ द्या. ज्याला करायची आहे त्याला नवं-जुनं कसं करतात हे कॉलेजात येऊन शिकावं लागत नाही. ज्याला कळत नाही तो संचालक म्हणून त्या ठरावावर सही करतो. सहकार कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीपासून ऑडिटर नेमायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे, शासनाच्या नामतालिकेतून. म्हणजे सभेत खाली बसलेल्या सभासदाला. त्याला ‘ऑडिट वर्ग अ’ एवढी श्रेणीच ऐकू येते आणि टाळी पडते. त्या श्रेणीमागची पानं कुणी उलटत नाही.

म्हणूनच शेवटच्या तीन आठवड्यांत भूमिका उलट्या करायच्या. ज्यांनी ऑडिट केलं त्यांनी आता संस्थेचे पदाधिकारी व्हायचं आणि दुसऱ्या गटाने त्यांच्यावर काढलेल्या आक्षेपांचा दोषदुरुस्ती अहवाल भरायचा. इथे पोरांची लेखणी लगेच खास सहकारी वळण घेते: ‘नोंद घेतली.’ ‘पूर्तता करण्यात येईल.’ ‘यापुढे दक्षता घेऊ.’ ही भाषा त्यांना कुणी शिकवलेली नसते, हवेतच असते. असा अहवाल आला की ऑडिट करणाऱ्या गटाने तो स्वीकारायचा नाही. लाल शाईने एकच ओळ लिहून परत पाठवायचा: पेटीतल्या दोन चिठ्ठ्यांचे ३,८०० रुपये कुठल्या तारखेला, कुठल्या पावतीने जमा झाले, किर्दीचं ते पान दाखवा.